वाफ्यावरच्या लाल गोळ्या

इंदूबाई सिस्टर चिडल्या नाहीत असा दिवस त्यांच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत उगवला नसेल. लस टोचायला आणलेलं पोर रडलं की त्या आईवर चिडायच्या आणि रडलं नाही तर ताप अंगात असताना आणलंस की काय, म्हणून चिडायच्या. लोक म्हणायचे, बाईच्या हाताला गुण आहे, पण जिभेला नाही. पण त्यांचा खरा मुरलेला राग लोहाच्या लाल गोळ्यांपायी होता. गोळ्यांवर नव्हे, त्या न खाणाऱ्या बायकांवर.

आर्णीपासून आत मुरमाच्या रस्त्यावर त्यांच्या उपकेंद्राचं गाव आणि तिथून दोन मैलांवर बंजाऱ्यांचा बोरीचा तांडा. एका शिबिरात तांड्यातल्या चाळीस बायकांचं रक्त तपासलं, तर एकतीस जणींच्या अंगात रक्त म्हणावं असं काही सापडेना. तेव्हापासून दर महिन्याला इंदूबाई पिशवीत गोळ्यांची पाकिटं आणि तोंडात भाषण घेऊन तांड्यावर जायच्या. बायका पाकीट घ्यायच्या आणि मान डोलवायच्या. पुढच्या महिन्यात डोळ्याची खालची पापणी ओढून पाहावी तर आतला रंग तसाच पांढराफटक. गोळी खाल्ली का? खाल्ली. रोज? रोज. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, आणि हा घडा सरकारी खर्चानं दर महिन्याला पालथा घातला जात होता.

वर्षं कापसाची वाईट होती. बोंडअळीनं पऱ्हाटी पोखरली होती, भाव पडले होते आणि पेपरात जिल्ह्याचं नाव रोज यायला लागलं होतं. इंदूबाईंच्या कामाच्या दृष्टीनं त्याचा परिणाम इतकाच, की कोणाचं काहीही दुखलं की सगळ्यांना एकच कारण सुचायचं. डोकं दुखतं, टेन्शन. पाय सुजले, टेन्शन. शहरातून गाड्या भरून माणसं यायची, लिंबाखाली सतरंजी टाकून ताणमुक्तीचं शिबिर घ्यायची, सगळ्या तांड्याला डोळे मिटून श्वास घ्यायला लावायची आणि ऊन चढायच्या आत परत जायची. इंदूबाईंना वरून एक नवा तक्ता आला होता. त्यात ‘ताणाची लक्षणे’ असा रकाना होता आणि पोटदुखी त्याच रकान्यात लिहायची होती. त्या तक्त्यावरही त्या चिडलेल्या होत्याच.

तांड्यातली रुपीबाई पंचेचाळिशीची, उंच, हाडापेरानं मजबूत. वेचणीच्या टोळीची ती म्होरकी. वीस बायका तिच्या शब्दावर उठायच्या आणि तिच्या शब्दावर बसायच्या. सकाळी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तीन दगडांची चूल मांडून कोरा चहा व्हायचा. बायकांनी कमरेला कापसाची ओटी बांधायच्या आधी रुपीबाई प्रत्येकीच्या हातावर चहासोबत एक पिवळी गोळी ठेवायची. अंगदुखीची. तांड्यातल्या उत्तमसिंगच्या किराणा दुकानात ती बिस्किटांच्या बरणीशेजारच्या बरणीत सुटी मिळायची. दिवसभर वाकून वेचायचं तर कंबर आधीच बधिर करून ठेवलेली बरी, असा त्यांचा हिशेब. हंगामाच्या पहिल्या वेच्याला जशी सीतादहीची पूजा, तशी रोजच्या वेच्याला पिवळी गोळी. रुपीबाईची कंबर जास्त दुखायची, म्हणून ती सकाळी दोन घ्यायची आणि दुपारी आणखी एक. हे सगळं इंदूबाईंना ठाऊक होतं. एकदा गुडघा दुखत होता तेव्हा त्यांनीही त्यातली एक मागून घेतली होती.

दिवाळीनंतरच्या फेरीत रुपीबाईनं पोटाची तक्रार सांगितली. बेंबीच्या वर, बरगड्यांच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखं होतं. पहाटे पोट रिकामं असलं की जास्त, भाकरीचा तुकडा खाल्ला की थोडा वेळ शांत. त्यासाठी ती वेचता वेचता खायला ओटीच्या कोपऱ्यात भाकरी बांधून ठेवायची. हे तिनं एवढं नीट सांगितलं होतं, पण ऐकायला कोणाला वेळ होता? प्रत्येकाकडे उत्तर तयारच होतं. शिबिरवाल्यांनी तिला टेन्शन सांगितलं आणि पोटावर हात ठेवून खोल श्वास घ्यायला शिकवलं. तेव्हापासून तिचा नवरा धरमसिंग घरात दबकून वावरत होता. आपण हिला कसलं टेन्शन दिलं, हे त्या गरीब माणसाला आठवता आठवत नव्हतं. उत्तमसिंगनं खायचा सोडा दिला. सासू हंगामातली नजर म्हणाली. इंदूबाईंनी चुलीशेजारी मिरच्यांचा ढीग पाहिला आणि रोगाचं मूळ तिथल्या तिथे पकडलं. लाल मिरचीचा ठेचा, तोही कच्चा, मग जळणार नाही तर काय होणार? त्यांनी पंधरा मिनिटं मिरचीचा उद्धार केला. धरमसिंगनं त्याच दिवशी मिरच्या उचलून शेजारी दिल्या.

निघताना रुपीबाई त्यांच्यामागे अंगणापर्यंत आली आणि आवाज खाली करून म्हणाली, “बाई, मले परसाकडं काळी होऊन राह्यली. पार काळी, अन्...”

इंदूबाईंनी तिला पुढं बोलूच दिलं नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तांड्यातली एक बाई आपण होऊन सांगत होती की तिला काळी होते. लोहाची गोळी पोटात गेली की रंग काळा पडतो, हे कोणत्याही सिस्टरला झोपेतही सांगता येईल. म्हणजे ही बाई गोळ्या खाते. खरंच खाते. इंदूबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. त्यांनी रुपीबाईचा खांदा थोपटला, आणि हे तांड्यानं प्रथमच पाहिलं.

“होणारच काळी. लोहाची गोळी लागू पडून राह्यली तुले,” त्या म्हणाल्या. “खात राह्य. बंद नको करू.”

रुपीबाई काही बोलणार होती, पण तिनं मान डोलावली. इंदूबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. ओट्यावर बसलेल्या टोळीतल्या हंसाबाईला आणि इतर बायकांना त्यांनी जवळ बोलावलं आणि रुपीबाईला पुढं उभी करून सांगितलं, की काळी झाली की समजायचं गोळी पोटात गेली, हिच्याकडून शिका. परत जाताना दोन मैलांचा रस्ता त्यांना अर्ध्या मैलासारखा वाटला. उपकेंद्रात आल्या आल्या त्यांनी रुपीबाईच्या नावापुढं ‘नियमित’ असा शेरा लिहिला आणि त्याखाली एक रेघ ओढली.

पुढं महिनाभर वेचणी जोरात होती. मार्गशीर्षातल्या एका सकाळी धरमसिंगचा पुतण्या सायकल दामटत उपकेंद्रावर आला. काकी शेतात पडली. उलटी झाली, काळी-तपकिरी. लोक म्हणतात, काहीतरी घेतलं तिनं.

इंदूबाई सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसून गेल्या. त्या वयात आणि त्या रस्त्यानं जाणं म्हणजे हाडं मोजून घेणंच. धुऱ्यावर ही गर्दी. त्या वर्षांत जिल्ह्यात कोणी ओकलं की लोकांच्या मनात पहिल्यांदा एकच गोष्ट यायची, आणि त्यात त्यांचा दोषही नव्हता. एक म्हातारा रुपीबाईच्या तोंडाजवळ वाकून वास घेत होता. दुसरा फवारणीचा डबा शोधायला पऱ्हाटीत शिरला होता. उत्तमसिंग दुकानातून मिठाच्या पाण्याचा तांब्या घेऊन आला होता. ओकवून काढायचं, हाच उपाय त्याला माहीत. धरमसिंग बायकोचं डोकं मांडीवर घेऊन तिला एकच गोष्ट विचारत होता, की काहून घेतलं, मी काय केलं होतं. आणि ती मान हलवून नाही म्हणत होती, तर तिचं कोणी ऐकत नव्हतं.

इंदूबाईंनी उत्तमसिंगच्या हातातला तांब्या फटकन खाली पाडला. रुपीबाईचं अंग गार, घामानं ओलं आणि ओठ पिठासारखे. नाडी मोजली तर एकशेतीस, तीही धाग्यासारखी बारीक. उलटी त्यांनी जवळून पाहिली. चहा गाळल्यावर जो चोथा उरतो ना, तशी. विषाचा वास कुठंच नव्हता. त्यांनी धरमसिंगला आर्णीच्या रस्त्यावरून मिळेल ती काळीपिवळी जीप थांबवून आणायला सांगितलं, हंसाबाईला रुपीबाईचे पाय उंच धरून बसवलं आणि गोधडी आणायला स्वतःच रुपीबाईच्या घराकडं निघाल्या. दुसऱ्या कोणाला पाठवावं तर तो वाटेत चार जणांना बातमी सांगत बसला असता.

घर शेताला लागूनच. मागच्या दारानं आत शिरताना डोळ्यांवर काहीतरी चमकलं. परसात सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, आणि पालकाचा हातभर वाफा होता. चिमण्या बसू नयेत म्हणून त्यावर सुतळी ताणून चमचमतं काहीतरी बांधलं होतं. वारा आला की ते फिरायचं आणि उन्हाची तिरीप भिंतीवर नाचायची. इंदूबाई दोन पावलं पुढं गेल्या आणि थांबल्या.

ती त्यांची पाकिटं होती. लोहाच्या गोळ्यांची. चार महिन्यांची सगळी पाकिटं ओळीनं टांगलेली, आणि त्यातली एकही गोळी फोडलेली नव्हती.

पहिल्यांदा इंदूबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एवढं पायी चालून, घसा कोरडा करून आणलेल्या गोळ्या ह्या बाईनं चिमण्यांना दिल्या. खाते म्हणून मान डोलावली आणि आपल्याकडून शाबासकीही घेतली. त्या सुतळी तोडायला पुढं झाल्या आणि हात अर्ध्यातच राहिला. गोळ्या पोटात गेल्याच नव्हत्या, तर मग काळं कशानं होत होतं?

उत्तर त्यांना माहीत होतं. ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षी वहीत लिहून घेतलं होतं, अगदी आकृतीसकट. वरच्या भागात, जठरात किंवा आतड्याच्या तोंडाशी जखम होऊन रक्त झिरपलं, की ते पचून काळं होऊन खाली येतं. त्यासाठी फक्त एक प्रश्न पुढं विचारायचा असतो. कशी काळी? गोळीची काळी बांधून येते. रक्ताची चिकट, डांबरासारखी, पाणी ओतलं तरी न जाणारी, आणि वास असा की माणूस नाक धरेल. एवढा एकच प्रश्न. तो विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं, आणि त्या अर्ध्या मिनिटात इंदूबाई स्वतःचंच कौतुक करण्यात गुंतल्या होत्या. महिनाभर ती बाई आतल्या आत रक्त सांडत कापूस वेचत होती आणि ह्यांच्या रजिस्टरात ‘नियमित’ खाली रेघ होती.

त्यांनी गोधडी उचलली. एक पाकीटही तोडून पिशवीत टाकलं, कशासाठी ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

जीपमध्ये रुपीबाईचं डोकं इंदूबाईंच्या मांडीवर होतं आणि यवतमाळ येईपर्यंत त्या सतत बोलत होत्या. रस्त्यावर चिडल्या, ड्रायव्हरवर चिडल्या, मध्येच उभं राहिलेल्या म्हशींवर चिडल्या. धरमसिंग समोर हात जोडून बसला होता. खरं तर त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरल्यावर काय करायचं ते त्यांना दुसरं येतच नव्हतं. दर पाच मिनिटांनी नाडी बघायच्या. एकशेतीसची एकशेचाळीस झाली होती.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात रक्ताच्या तीन बाटल्या चढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडावाटे नळी घालून दुर्बिणीनं पोटाची तपासणी झाली. आतड्याच्या तोंडाशीच जखम सापडली, भुईमुगाच्या दाण्याएवढी, आणि तिच्यातून रक्त ठिबकत होतं. दुर्बिणीतूनच तिथं औषध टोचून ते थांबवलं. आतल्या अस्तराचा नखाएवढा तुकडा काढून एका पिवळ्या औषधात टाकला, तर तो थोड्या वेळात गुलाबी झाला. म्हणजे जंतूही होते.

डॉक्टर तिशीची तरुण मुलगी होती. तिनं इंदूबाईंना आणि धरमसिंगला बाजूला बसवून शांतपणे सांगितलं. अल्सर म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराला पडलेली जखम. तिचे मोठे गुन्हेगार दोन. एक हा जंतू. तो बहुधा लहानपणीच हातातून, पाण्यातून, उष्ट्यातून शिरतो आणि वर्षानुवर्षं मुकाट राहतो. पुष्कळांच्या पोटात असतो, सगळ्यांना जखम करत नाही. दुसरी ती अंगदुखीची गोळी. पोट आपलंच आम्ल आपल्याला जाळू नये म्हणून आतून जो लेप राखतं, तो ही गोळी पातळ करते. उपाशीपोटी आणि महिनोन्महिने घेतली तर जास्तच. दोघं एकाच पोटात भेटले की असं होतं.

धरमसिंगनं भीत भीत विचारलं की टेन्शनचं काय. डॉक्टर म्हणाली, काळजीनं दुखणं जास्त जाणवतं, माणूस जेवत नाही, झोपत नाही, पण काळजीनं एवढी जखम केली असं मी म्हणणार नाही. मग इंदूबाईंनी मिरचीचं विचारलं. डॉक्टर हसली. जखमेला तिखट झोंबतं, पण ती जखम तिखटानं केलेली नसते. सव्वीस वर्षं इंदूबाईंनी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि चोर तर त्यांना ठाऊक असताना रोज सकाळी चहासोबत वाटला जात होता. एकदा त्यांनीच तो मागून घेतला होता.

मग डॉक्टरनं कागद पुढं ओढला आणि विचारलं, की ह्यांना काळं होतंय हे आधी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं का.

धरमसिंगनं मान हलवली. त्याला खरंच माहीत नव्हतं. इंदूबाईंनी गप्प राहायचं ठरवलं असतं तर तो प्रश्न तिथंच मिटला असता. त्या सरकारी नोकर होत्या, पाच वर्षांत निवृत्त होणार होत्या, आणि रुपीबाई शुद्धीवर असली तरी बोलण्याच्या अवस्थेत नव्हती. त्यांनी पिशवीतून ते न फोडलेलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

“तिनं मला महिन्याआधीच सांगितलं होतं, मॅडम,” त्या म्हणाल्या. “मीच म्हटलं, लोहाच्या गोळीनं होतं. पुढचं विचारलं नाही.”

डॉक्टरनं त्यांच्याकडं पाहिलं, पाकिटाकडं पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. रागावली नाही, हेच इंदूबाईंना जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, की आता पुढचं तुमच्यावर आहे. चौदा दिवस तीन औषधं, सकाळ-संध्याकाळ. एक आम्ल कमी करायला, उरलेली दोन जंतू मारायला. तोंड कडू होईल, मळमळेल, दोन दिवसांत बरं वाटायला लागलं की बाई सोडून देतील. तेच व्हायला नको. अर्धवट सोडलं तर उरलेले जंतू ह्याच औषधांना दाद देत नाहीत, जखम पुन्हा उघडते, आणि पुढच्या वेळी त्या तांड्यावरून इथवर जिवंत पोचतीलच असं नाही. पिवळी गोळी कायमची बंद. आणि रक्त भरायला लोहाच्या गोळ्या खऱ्याखुऱ्या खाव्या लागतील.

“त्या खऱ्या खाल्ल्या की रंग पुन्हा काळाच होईल,” डॉक्टर म्हणाली. “मग तो गोळीचा की रक्ताचा, हे त्या जे सांगतील त्यावरच कळायचं. तुम्हाला खरं सांगतील ना त्या?”

इंदूबाईंनी टेबलावरचं पाकीट उचलून पुन्हा पिशवीत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी रुपीबाई उशीला टेकून बसली. गालांवर थोडी लाली आली होती. इंदूबाई उपकेंद्राचं काम उरकून पुन्हा यवतमाळला आल्या होत्या. खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी रस्ताभर मनात घोळवलेलं सगळं एका वाक्यात विचारलं, की गोळ्या खायच्या नव्हत्या तर खाते म्हणून कायले सांगितलं. आवाज खाली ठेवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला, तरी शेजारच्या दोन खाटांवरच्या बायकांनी मान वळवलीच.

तांड्यातल्या बायकांच्या बोलीत अहो-जाहो नव्हतं. रुपीबाई त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर ना शरम होती, ना राग.

“त्या गोळीनं मळमळ होते, बाई. वेचता येत नाई,” ती म्हणाली. “तुले नाई म्हटलं का तू चिडते. सगळ्या तांड्यादेखत चिडते. हो म्हटलं का गप होते. म्हून आम्ही साऱ्याजणी तुले हो म्हणतो.”

इंदूबाईंनी स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढलं.

“काळी होते म्हून मी सांगाले आलती,” रुपीबाई पुढं म्हणाली. “डांबरावाणी होते, भल्ली वास मारते, हे सांगत होती मी. तू बोलूच दिलं नाई. मंग वाटलं, बाई खूश झाली, तं बरंच असन.”

वॉर्डात कोणाचं तरी पोर रडत होतं, आणि इंदूबाईंना त्याच्या आईवर चिडायचंही सुचलं नाही. त्या उठल्या, बाहेर व्हरांड्यात नळावर गेल्या आणि तोंड धुऊन आल्या. मग स्टुलावर बसून त्यांनी चौदा दिवसांची औषधं पिशवीत लावून घेतली.

रुपीबाई तांड्यावर आली त्या दिवसापासून इंदूबाई रोज सकाळी चालत जायच्या. उत्तमसिंगच्या दुकानातली बरणी त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करवली. त्यासाठी मात्र त्या मनापासून चिडल्या, आणि ते चिडणं योग्यच होतं. कंबर दुखली तर काय, हा बायकांचा प्रश्नही खरा होता. त्यावर त्यांच्याकडं उत्तर एवढंच होतं, की दर तासाला पाच मिनिटं पाठ सरळ करून बसा, रात्री शेक घ्या, आणि पोट रिकामं ठेवू नका. ही काही मोठी जादू नव्हे, हे बायकांनाही कळत होतं आणि त्यांनाही.

रुपीबाई अजून वेचणीला जात नव्हती, पण टोळी तिच्या अंगणातून निघायची. इंदूबाई तिच्या हातावर गोळ्या ठेवायच्या, ती गिळायची, आणि ओट्यावर बसलेल्या बायका ते बघत राहायच्या. बायका गोळ्यांकडं बघत नव्हत्या. त्या बघत होत्या इंदूबाईंच्या तोंडाकडं.

सहाव्या दिवशी इंदूबाईंनी विचारलं, की काल सांजच्या गोळ्या घेतल्या का.

रुपीबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. तिथं हंसाबाई होती, आणखी पाच-सहा जणी होत्या.

“नाई,” ती म्हणाली. “तोंड कडू झालतं. डोळा लागला. राह्यल्या.”

इंदूबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दोन मैल चालून आलेलं, जीपमधली ती नाडी, डॉक्टरनं बजावलेलं, सगळं जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. सव्वीस वर्षांची सवय ती. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पदरानं कपाळ पुसलं.

“बरं झालं सांगितलं,” त्या म्हणाल्या. एवढे तीन शब्द काढायला त्यांना जेवढा जोर लागला, तेवढा कोणतीही बाळंतीण सोडवायला लागला नव्हता. मग त्यांनी समजावून सांगितलं की एक दिवस शेवटी वाढवायचा, आणि गोळ्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवायच्या. कडू तोंडासाठी बडीशेप चालेल. काळी झाली तर कशी आहे ते बघून सांगायचं, काहीही असलं तरी. रुपीबाईनं हो म्हटलं, आणि त्या हो मध्ये ह्या वेळी काहीतरी वजन होतं.

बायका ओट्या बांधायला उठल्या. हंसाबाई उठली नाही. ती रुपीबाईच्याच वयाची, टोळीतली दोन नंबरची वेचणारी, कधी तक्रार न करणारी. सगळ्या पुढं गेल्यावर ती इंदूबाईंच्या जवळ सरकली. बोलायच्या आधी तिनं पुन्हा एकदा त्यांचा चेहरा नीट पाहिला.

“बाई,” ती म्हणाली, “मले बी होऊन राह्यली काळी. वीस दिवस झाले. अन् तुह्या गोळ्या मी बी खाल्ल्या नाईत.”

इंदूबाईंनी पिशवी खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवली आणि ओट्यावर तिच्या शेजारी बसल्या.

“कशी काळी होते?” त्यांनी विचारलं. “सांग. मी ऐकून राह्यली.”